तुरवंडीच्या लेकींची यादी

तुरवंडीत रामहरीची पिठाची गिरणी आहे. उमरग्याहून येणारी एस.टी. जिथं वळण घेऊन परत फिरते, तिथंच. रोज पन्नास-साठ डबे दळायला येतात आणि एकाही डब्यावर नाव नसतं. कुणाच्या डब्याला पोचा आलेला असतो, कुणाच्या झाकणाला चिंधी बांधलेली असते, कुणी जुना तेलाचा डबाच आणलेला असतो. रामहरी डबा बघून घर सांगतो. चाळीस वर्षांत डब्यांची अदलाबदल दोनदाच झाली, आणि दोन्ही वेळा लाईट गेली होती, असं तो आवर्जून सांगतो.

त्याची बायको सारजाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पोरं ताटं घेऊन बसली की ती प्रत्येकाला नावानं हाक मारून वाढायची. बावीस वर्षं तिनं हे काम केलं. ह्या वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी ती गेली. पोटाचं दुखणं होतं. उमरग्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले, उपयोग झाला नाही. त्यानंतर रामहरी दुपारी घरी जाईनासा झाला. भाकरी फडक्यात बांधून गिरणीवरच आणायचा, कारण घरी जाऊन बोलायचं कुणाशी?

ती असतानाच गावातल्या तरुण पोरांनी एक बेत केला होता. तुरवंडीच्या शाळेत शिकून, लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना मे महिन्यातल्या एका रविवारी गावात बोलवायचं. जेवण घालायचं, ओटी भरायची, शाळा दाखवायची. हे ऐकून सारजाबाईला दवाखान्यातल्या खाटेवर सुद्धा हुरूप आला होता.

"समद्या येतील," ती म्हणाली होती. "पर शिवकांताला सांगायचं ऱ्हाऊ देऊ नका. तिला सांगणारं कुणी न्हाय."

"व्हय," रामहरी म्हणाला होता.

शिवकांता म्हणजे बसप्पाची मुलगी. दुसरीत असताना तिची आई वारली. बाप खडी फोडायच्या कामावर गावोगाव फिरायचा. शाळा सुटली तरी ही पोर चुलीजवळ बसून राहायची. सारजाबाई पातेल्याची खरवड तिच्यासाठी काढून ठेवायची, तिची वेणी घालायची, ताप आला तर घरी घेऊन यायची. रामहरीला आणि सारजाबाईला मूलबाळ नव्हतं, पण त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. सातवी झाल्यावर बसप्पानं पोरीला आत्याकडं, कर्नाटकात कुठं तरी नेऊन सोडलं. पुढं तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मग बसप्पा वारल्याचं कळलं. त्याचं घर पडलं, त्या जागेवर आता दुसऱ्याची म्हैस बांधतात. चौदा-पंधरा वर्षांत तिचा काही ठावठिकाणा नव्हता.

बायको गेल्यावर रामहरीपुढं करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं. ते त्याला पुरं करायचं होतं.

यादीचं काम गावातल्या बलभीमच्या मुलीकडं, दीपालीकडं होतं. ती धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, शेवटचं वर्ष, प्रोजेक्टासाठी गावीच राहिलेली. तिनं मोबाईलवर भरायचा एक फॉर्म केला आणि गावाच्या ग्रुपवरून सोडून दिला. नाव, वडिलांचं नाव, फोन. तो फिरत फिरत पुण्यापासून हैदराबादपर्यंत गेला. शाळेच्या रजिस्टरात दोनशे बारा मुली होत्या आणि फॉर्म आले दोनशे चाळीस. कुणी दोनदा भरला, कुणाच्या नवऱ्यानं भरला, कुणी मराठीत, कुणी इंग्रजी अक्षरांत. आता ह्या दोनशे चाळिसांतून त्या दोनशे बारा ओळखायच्या कशा? त्याशिवाय राहिल्या कोण ते कळणार नव्हतं.

फेब्रुवारीत एके दिवशी ती लॅपटॉप घेऊन गिरणीच्या आतल्या खोलीत येऊन बसली.

"तात्या, मला तुमी पायजे," ती म्हणाली.

"म्या कशाला? मला ते चालू बी करता येत न्हाय."

"चालू म्या करते. तुमी खरं-खोटं सांगायचं. सारख्या नावांची जोडी लावायच्या तीन रीती हैत. कंची चांगली ते माझ्या प्रोजेक्टात दाखवायचंय. पर त्या चुकल्या का बरोबर आल्या, हे सांगणारं मानूस लागतंय."

रामहरीनं हात झटकले, पीठ उडालं, आणि तो पोत्यावर बसला.

दीपालीनं त्याला समजेल असं सांगितलं. पहिली रीत अक्षरं मोजायची. ह्या नावाचं ते नाव करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात? एक-दोन लागली तर नाव एकच धरायचं. दुसरी रीत आवाजाची. कानाला सारखे वाटणारे आवाज एका टोपलीत टाकायचे. स, श, ष एकीत, न आणि ण एकीत, ल आणि ळ एकीत. मग टोपल्या जुळल्या की नाव जुळलं. तिसरी रीत तुकड्यांची. नावाचे दोन-दोन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि दोन्हींत सारखे तुकडे किती ते बघायचं.

"आवाजाची तयार मिळती," ती म्हणाली, "पर ती साहेबलोकांच्या नावासाठी केलेली. तिला मीना आन मोना एकच वाटतेत."

"मोनाला सांगून बघ जरा," रामहरी म्हणाला. मोना सरपंचाची सून होती.

दीपाली हसली. "म्हणून म्या ती मोडून आपल्यासारखी करायलीय. आपल्याकडं ईरण्णा आन वीरण्णा एकच मानूस असतोय. हे तिला कोण सांगणार?"

पंधरा दिवस असं चाललं. ती पडद्यावर जोडी दाखवायची आणि तो डब्याकडं बघावं तसं बघून सांगायचा. एकच. दोन येगळ्या. एकच, पर बापाचं नाव चुकलंय. बसप्पा, बसवराज, बसवणप्पा असा एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी असतो, हे त्यानं तिला सांगितलं, आणि तिनं ते लगेच लिहून घेतलं. पन्नास नावांची परीक्षा झाली तेव्हा अक्षरांच्या रीतीनं एकतीस जोड्या बरोबर लावल्या, तुकड्यांच्या रीतीनं छत्तीस, आवाजाच्या रीतीनं बेचाळीस.

"मंग आवाजाचीच धर की," रामहरी म्हणाला.

"थांबा की तात्या. बेचाळीस बरोबर लावल्या, पर आठ जोड्या नसलेल्या बी लावल्या. अक्षरवालीनं नसलेल्या दोनच लावल्या. नुसतं किती सापडलं ते बघून चालत न्हाय. चुकीचं किती चिकटवलं ते बी बघावं लागतंय."

गावात इतकी वर्षं रामहरी माणसं बघत आला होता. आपलं काय चुकलं ते आधी मोजणारं माणूस त्याला फार वेळा भेटलं नव्हतं. ही बावीस वर्षांची पोर चुकांसाठी वेगळा रकाना करून बसली होती, आणि त्यात भर पडली की तिला वाईट वाटण्याऐवजी कामाला जोर यायचा. सारजाबाई असती तर घरी जाऊन हे तिला सांगितलं असतं, असं त्याच्या मनात आलं.

मार्चमध्ये दीपालीनं तिन्ही रीती सगळ्या यादीवर चालवल्या. दोनशे बारांपैकी दोनशे तीन मुली सापडल्या. आणि सापडलेल्यांत शिवकांता होती.

"तात्या!" ती धावतच गिरणीत आली. "तिन्ही रीती एकच सांगायल्यात. बापाचं नाव बी बसवराज. नंबर हाय. लावा फोन."

रामहरीनं मोटर बंद केली. हात पुसले. फोन लागला.

"म्या तुरवंडीचा रामहरी बोलायलोय. गिरणीवाला. शिवकांता का?"

"शिवकन्या बोलतेय मी. वरच्या गल्लीतली, बसवराज पाटलांची. बोला की तात्या, कसे आहात? काकूंचं ऐकलं, लई वाईट वाटलं."

रामहरी दोन शब्द बोलला. मेळाव्याला ये म्हणाला, आणि फोन दीपालीकडं दिला. तिनं पडद्याकडं बघितलं. शिवकांता बसप्पा. शिवकन्या बसवराज. दोन्ही मुली रजिस्टरात होत्या. एकीचा फॉर्म दुसरीला चिकटला होता आणि दुसरी न शोधताच सापडलेली ठरली होती.

"तीन रीती एकमतानं चुकल्या," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ही चूक वाईटाहून वाईट. न सापडलेली असती तर आपन शोधत तरी राहिलो असतो. ही गपचूप यादीतून गेली असती."

"आता सापडली न्हवं चूक? मंग झालं तर."

"न्हाय झालं. अशा अजून किती असतील?"

तिनं सगळं पुन्हा मांडलं. ह्या वेळी दोन ढीग न करता तीन केले. जुळलेल्यांचा, न जुळलेल्यांचा, आणि शंकेचा. शंकेचं एकही नाव यंत्रानं ठरवायचं नाही. रामहरीला विचारायचं, त्याला ठाऊक नसेल तर फोन करून त्या बाईलाच विचारायचं. चार दिवस ती फोन करत होती. चिकटलेल्या आणखी तीन जोड्या निघाल्या. मग एकेक करून सगळ्या लागल्या आणि यादीत एकच नाव उरलं.

शिवकांताचा फॉर्मच आला नव्हता. आणि जे नाव आलंच नाही ते कुठल्या रीतीनं जुळवणार? शिवाय लग्नात तिचं नाव बदललं असेल तर तेही हातचं गेलं. एप्रिल लागला होता. मेळावा पाच आठवड्यांवर आला होता.

त्या दिवशी दुपारी रामहरी दळत होता. नागूबाई तिचा डबा शोधत होती. ती त्याची शेजारीण. तोंडानं फटकळ, पण सारजाबाईच्या आजारपणात दोन वेळचं जेवण तिनंच पोचवलं होतं.

"तात्या, तेरवाली असताना डबं रांगंत असायचं," ती म्हणाली. "आता नुसता उकिरडा केलाव. माझा कंचा ते घावंना."

"त्यो काय, मुरूमवालीच्या मागं."

नागूबाईनं डबा उचलला आणि गेली. रामहरी तसाच उभा राहिला.

तेरवाली. सारजाबाईचं माहेर तेर. लग्न होऊन ती तुरवंडीत आली त्या दिवसापासून गावानं तिला तेरवालीच म्हटलं. शाळेतल्या पोरांची ती काकू होती, पण बायकांत तेरवाली. ती गेली त्या दिवशी सुद्धा गल्लीतल्या बायका 'तेरवाली गेली' म्हणूनच रडल्या होत्या. गावातली कुठलीही सून अशीच. मुरूमवाली, आळंदवाली, नळदुर्गवाली. गिरणीत तो रोज ह्याच नावांनी डबे देत होता. त्यांची खरी नावं विचारली असती तर निम्म्यांची त्याला सांगता आली नसती.

त्यानं मोटर बंद केली आणि बलभीमच्या घराकडं निघाला. एवढ्या भरभर तो बऱ्याच महिन्यांत चालला नव्हता.

"दीपाली, आपन चुकीचं नाव शोधायलोय," तो दारातूनच म्हणाला. "ती जितं नांदायलीय तितं तिला शिवकांता कोण म्हनतंय? तिला तुरवंडीवाली म्हनत असतील. गावाचं नाव शोध. पोरीचं नगं."

दीपाली भाकरी खात होती. घास हातातच राहिला.

"तात्या," ती म्हणाली, "हे माझ्या एका बी पुस्तकात न्हाय."

"पुस्तक लिवणाऱ्याच्या गावात गिरणी नसंल."

तिनं त्याचा आवाज मोबाईलवर भरून घेतला. पहिल्या दोन वेळा तो अडखळला, तिसऱ्यांदा नीट बोलला. 'राम राम. म्या उमरगा तालुक्यातल्या तुरवंडीचा गिरणीवाला रामहरी बोलायलोय. तुमच्या गावात कुणी तुरवंडीवाली नांदत असंल तर कळवा. नाव ठावं नसलं तरी चालंल. आमच्या गावच्या लेकींना आमी बोलवायलोय.' गावातल्या प्रत्येकानं तो आपापल्या पाहुण्यांना पाठवला, सीमेपलीकडच्यांना सुद्धा.

आठ दिवसांत सत्तर-ऐंशी निरोप आले. आणि गावाचं नाव ज्याच्या त्याच्या कानाला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं होतं. तुरवंडीवाली, तुरुंडीवाली, तोरवंडीवाली, इंग्रजीत आणखी कसंही. त्यात हायवेवरच्या तुरोरी गावच्या लेकी मिसळल्या होत्या, त्या वेगळ्याच. इथं दीपालीचं खरं कसब रामहरीला दिसलं. तिनं आधी नावाच्या शेपट्या कापल्या. वाली, कर, अक्का, बाई. मग उरलेल्यावर तिन्ही रीती चालवल्या, पण ह्या वेळी तिघींना सारखा मान दिला नाही. ऐकून लिहिलेल्या नावाला आवाजाची रीत पुढं, टाईप करताना घसरलेल्या नावाला अक्षरांची पुढं. तुरोरी तिन्ही रीतींना जवळची वाटत होती, ती तिनं शंकेच्या ढिगात टाकली आणि एकेक फोन करून बाजूला काढली. ज्या लेकी आधीच यादीत होत्या त्या वगळल्या.

शेवटी एक निरोप उरला. बसवकल्याणकडच्या एका खेड्यातून ईरण्णा नावाच्या किराणा दुकानदारानं पाठवलेला. 'आमच्या घरांच्या ओळीत एक तुरंडीअक्का आहे. मराठी बोलते. दोन लेकरं आहेत.'

"अक्षरांची रीत हिला नको म्हणायली," दीपाली म्हणाली. "तुकडेवाली म्हणती शंका. आवाजाची म्हणती घ्या. म्या ठरवत न्हाय. तुमी फोन करा."

रामहरीनं गिरणीतूनच फोन केला. वरच्या पेटीत नागूबाईची ज्वारी होती, तरी मोटर बंद केली. ईरण्णा कानडी हेल काढून मराठी बोलणारा, अघळपघळ माणूस निघाला. "थांबा हां मामा, पोरगीला पाठवून बोलवून घेतो. ती हितंच नळाला आलीय." मग बराच वेळ नुसतं दुकानातलं बोलणं ऐकू येत होतं. साखरेचा भाव, कुणाचं तरी शिंकणं.

"हालो?" बाईमाणसाचा आवाज आला.

रामहरी एकदा फसला होता. त्यानं ह्या वेळी नाव घेतलं नाही. "कोण बोलायलंय?" एवढंच विचारलं.

"तात्या," ती म्हणाली. "म्या शिवकांता."

दीपालीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

"तुमचा आवाज चार दिस झाले ऐकायले मी," शिवकांता म्हणाली. "जावेच्या मोबाईलवर आला होता. चारदा लावून ऐकला."

"आगं मंग फोन का न्हाय केलास? हितं आमी समदा मुलूख पालथा घातला!"

"कशाला करू? तो फॉर्म बी आला होता. म्या भरला न्हाय. बाकीच्यांना भाऊ हैत, घरं हैत. म्या येऊन कुणाच्या दारात उतरू? आमचं घर तर ऱ्हायलं बी न्हाय म्हनतेत."

"न्हाय ऱ्हायलं," रामहरी म्हणाला. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

"काकू कशी हाय?"

गिरणीत पाच-सहा बायका होत्या. रामहरीनं भिंतीकडं तोंड केलं.

"काकू गेली, बाई. संक्रांतीच्या आदी."

पलीकडं दुकानातला ईरण्णा काही तरी विचारत होता. अशा वेळी काय बोलायचं हे त्याला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं. लोक त्याला जे बोलले होते त्यातलं काही त्याला सांगावंसं वाटेना.

"तुला बोलवा म्हनून तिनंच सांगून ठिवलंय," तो म्हणाला. "दवाखान्यात असताना. दुसरं काय मागितलं न्हाय तिनं. आता तू कुणाच्या दारात उतरू इचारतीस, तर आमचं दार हाय. दोन खोल्या हैत आन म्या एकटा हाय. भाकरी मला नीट येत न्हाय, कडंनी जळती. तेवढं चालवून घ्यावं लागंल."

ती रडत होती, पण रडता रडता मध्येच तिचा आवाज जरा बदलला. "भाकरी म्या करीन की. माहेरी आलं म्हनून काय झालं."

"मंग येतीस?"

"घरी इचारावं लागंल."

"इचार. मालकाला फोन कर म्हन, म्या बोलतो. सासूबाईला बी घेऊन ये."

"येते," ती म्हणाली. मग हळू, "तात्या, माहेरी आदल्या दिशी जातेत ना? आमच्या हितल्या समद्या आदल्या दिशी जातेत."

"दोन दिस आदी ये," रामहरी म्हणाला. "तीन दिस ये."

फोन ठेवून तो वळला. दीपाली डोळे पुसत होती आणि पुसता पुसता लॅपटॉपवर काही तरी लिहीत होती. बायका उभ्या होत्या. नागूबाईनं पदरानं नाक पुसलं.

"आता दळा की ओ," ती म्हणाली. "का बसवकल्यानहून पीठ येनार हाय?"

रामहरीनं मोटर चालू केली. ज्वारी खाली उतरायला लागली. त्या आवाजातच त्यानं दीपालीला विचारलं, "काय लिवायलीस?"

"आवाजाची रीत हितं बरोबर आली, हे लिवलं. तीन रीती शिवकन्येपाशी चुकल्या, ते बी लिवलं. आन फॉर्म न भरलेली बाई एका बी रीतीला सापडत न्हाय, हे सगळ्यात वर लिवलं."

"तुझे सर रागावतील."

"रागावू द्या. खरं हाय ते."

रामहरीनं मान हलवली. ही पोर धाराशिवला, तिथून पुढं कुठं कुठं जाईल, आणि जाईल तिथं हिचं काम असंच चोख असेल, ह्याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्यानं नागूबाईचा डबा भरून झाकण लावलं. मग चिवट्याच्या वाडीचा सुभान, घरं रंगवणारा, गिऱ्हाइकांत उभा होता त्याला म्हणाला, "तुझ्याकडं चुना हाय का रं? घराला एक हात मारून घ्यावा म्हनतो. आतल्या खोलीला तरी."